रक्ताचं ऑडिट

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.

क्रेनच्या लॉगबुकांपैकी एक कोरी वही शिल्लक होती. स्टोअरवाला म्हणाला, घेऊन जा. तेव्हा आजपासून रोजनिशी. सव्वीस वर्षं शिफ्ट संपली की लॉगबुक भरतोय. किती टन उचललं, कुठून कुठे नेलं, शेवटी शेरा. हाताला सवय आहे. ही वही कुणालाच दाखवायची नाही, म्हणून यात फक्त खरं लिहायचं.

आज कंपनीची वार्षिक मेडिकल. वजन, डोळे, कान, रक्त. डोळे फर्स्ट क्लास. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का, चक्कर येते का, जीभ अशी लाल का. पहिल्या दोन्हींना नाही म्हटलं. जीभ चहाने भाजली म्हणालो. दोन महिने झाले जीभ लाल आहे, पण दोन महिने चहाही पितोच आहे, म्हणजे खोटं काही नाही.

केबिनच्या शिडीला त्रेपन्न पायऱ्या. आज मध्ये दोनदा थांबलो. दम लागला म्हणून नव्हे. आपली शेड उंचावरून कशी दिसते ते माणसाने अधूनमधून पाहावं.

शेरा: सर्व ठीक.

५ नोव्हेंबर, बुधवार.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ. मी म्हटलं, दहाच की. डॉक्टर म्हणाले, तेरा तरी हवं. शिवाय लाल पेशी आकाराने मोठ्या झाल्यात. मला वाटलं, कौतुक चाललंय. म्हटलं, आमच्या घरात सगळेच अंगाने भरलेले. ते हसले नाहीत. पेशी नीट तयार होत नसल्या की अशा फुगतात म्हणाले. बहुतेक वेळा बी-बारा कमी असतं, नाहीतर फोलिक ॲसिड. फोलिक ॲसिड पालेभाज्यांत असतं. पालेभाजी खाता का, असं त्यांनी विचारलं.

म्हटलं, डब्यात रोज असते. डब्यात रोज असतेच.

लॅबवाल्या बाई सतरा तारखेला कंपनीत येणार. तेव्हा रक्त देऊन हे दोन्ही तपासायचे. तोवर क्रेन चालवा, पण चक्कर आली तर त्याच क्षणी खाली उतरायचं आणि मला सांगायचं, असं दोनदा बजावलं. फिटनेस सर्टिफिकेट मात्र त्यांनी टेबलाच्या खणातच ठेवलं. सही राहिली.

सतरानंतरही सर्टिफिकेट नाही म्हणजे केबिन नाही. केबिन नाही म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून खाली शिट्टीच्या शेजारी उभं राहायचं. शिट्टी म्हणजे माझा सिग्नलवाला. लोड उचलताना खालून हातवारे करतो, गळ्यात शिट्टी, म्हणून सगळे त्याला तसंच म्हणतात. माणूस सोन्यासारखा आहे, पण वर मी आहे आणि खाली तो, असं सव्वीस वर्षं चाललंय. ते उलटंपालटं होणं मला मान्य नाही.

बारा दिवस आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. घाबरलेलोही नाही. जेवलो नाही, ते भूक नव्हती म्हणून.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारची सुट्टी, केबिनमध्ये.

उत्तर सापडलं. इतकं सोपं, की कालची झोप उगाच घालवली.

आमच्या शेडचं सेफ्टी ऑडिट दर वर्षी होतं. तारीख आधी कळते. आदल्या आठवड्यात जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने मारतात, आग विझवायची जुनी नळकांडी स्टोअरच्या मागे जातात, गंजलेल्या साखळ्यांवर ताडपत्री पडते. ऑडिटर येतो, चहा घेतो, शाबास म्हणतो, जातो. सव्वीस वर्षांत एकदाही नापास झालेलो नाही.

रक्ताचं तरी वेगळं काय आहे? तारीख ठरलेली. विषयसुद्धा आधीच सांगितलाय, बी-बारा आणि फोलिक ॲसिड. बी-बाराची चिंता नाही, दूध आणि अंडी मी भरपूर खातो. राहिलं फोलिक ॲसिड. म्हणजे तेवढेच पट्टे मारायचे.

आणि रंग घरातच आहे! सूनबाईला तिसरा महिना. फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात तिच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या मी स्वतः पाहिल्यात. वर नाव छापलंय, फोलिक ॲसिड. मेडिकलच्या दुकानात जाऊन गवगवा करायचं कारण नाही. ज्याच्याकडे जावं तो कंपनीतल्या कुणाचा तरी मेव्हणा निघतो.

ठराव: उद्यापासून सकाळी दोन गोळ्या. शिवाय डब्यातली भाजी स्वतः खायची.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

गोळ्या घेतल्या. लगेच फरक. शिडी चढताना एकदाच थांबलो. (दुसऱ्यांदा थांबलो ते बूट बांधायला.)

भाजीचं आज जमलं नाही. कारण असं, की केबिनमध्ये दोरीला बांधलेली बादली असते. पाण्याची बाटली, कागद, हातमोजे तिच्यातून वर येतात. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली पालेभाजी बादलीतून खाली शिट्टीकडे जाते आणि खालून त्याची बिस्किटं वर येतात. ही पद्धत पडून आता नऊ-दहा वर्षं झाली असतील. हिला माहीत नाही. ही पहाटे उठून भाजी निवडते, मन लावून करते आणि संध्याकाळी रिकामा डबा पाहून खूश होते. तिचं मन मोडायचं कशाला? आणि पालेभाजी दातात अडकते. केबिनमध्ये आरसा नाही.

एकदम पद्धत मोडली तर शिट्टीला वाईट वाटेल. सोमवारपासून बघू.

शेरा: सर्व ठीक.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.

घरात छोटीशी गडबड. सूनबाई गोळ्या मोजत होती. ही मुलगी प्रत्येक गोळीच्या मागे पेनाने तारीख लिहिते, हे मला कोण सांगणार? पुढच्या आठवड्यातल्या चार तारखा फोडलेल्या निघाल्या. ती हलक्या आवाजात हिला म्हणाली, आई, तुमच्या बीपीच्या गोळीऐवजी चुकून माझी तर घेतली नाहीत ना, दोन्ही एकाच डब्यात आहेत.

ही म्हणाली, छे, माझी गोळी गुलाबी, तुझी पिवळी, मी काय आंधळी आहे? पण म्हणता म्हणता तिने डबा पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाली, परवा दूध दोनदा तापवलं होतं खरं.

मी पेपर वाचत होतो. पेपर नीट वाचल्याशिवाय माणसाने बोलू नये.

सूनबाईने एक पट्टी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणजे तिचं काही अडणार नाही, हे बरं झालं. दोन पट्ट्या डब्यातच राहिल्या आणि त्यावर चिठ्ठी लावली, आई, या तुमच्या नव्हेत. चिठ्ठी हिच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. दुपारी दोन घेतल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार.

भाजी खायला काढली. पालक होता. शिट्टीने खालून हात केला. बादली गेली. उद्या नक्की.

तसं पाहता गोळी आणि भाजी दोन्ही घेतलं तर जास्त व्हायचं. कुठलीही गोष्ट जास्त वाईटच.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३.

जसं झालं तसं लिहितो.

सव्वाअकराला पत्र्याचं गुंडाळं उचललं, चार टनाचं. नेहमीचं काम. खाली शिट्टी पिवळ्या पट्ट्याच्या बाहेरून चालत हात दाखवत होता, पुढे, पुढे, सावकाश. मग त्याचा हात दिसेनासा झाला. म्हणजे हात होता, पण भोवती काळं झालं आणि ते काळं मिटत मिटत मध्ये आलं. फार तर दोन सेकंद. डोळे उघडले तेव्हा शिट्टी वाजत होती, एकसारखी, आणि गुंडाळं पट्ट्याच्या बाहेर जाऊन झोके घेत होतं. त्याची कड रचलेल्या पाइपांना लागली. पाइप घरंगळले. शिट्टीने उडी मारली.

त्याला लागलं नाही. तो जमिनीवर बसला, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि वर पाहत राहिला. मी लोड सावकाश खाली ठेवला. खाली ठेवल्यावर हात थरथरले, आधी नाही. ही गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ऑपरेटरची परीक्षा लोड हवेत असताना होते.

सुपरवायझरला शिट्टीनेच सांगितलं, साखळी सरकली.

डॉक्टर म्हणाले होते, चक्कर आली तर सांगा. पण ही चक्कर नव्हती. चक्कर गोल फिरते. हे फक्त काळं होतं. शिवाय सतरा तारखेला पाचच दिवस उरलेत आणि रंगकाम अर्ध्यावर आलंय. आत्ता सांगणं म्हणजे सगळं मुसळ केरात.

जेवणाच्या सुट्टीत बादली खाली सोडली. परत वर आली ती भाजीसकटच. चिठ्ठी नाही, काही नाही. खाली पाहिलं तर शिट्टी पाठ करून बसला होता.

मला भीती वाटली. एवढंच लिहितो.

भाजी खाल्ली नाही.

शेरा: सर्व ठीक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

हिने सोमवारपासून एक वही केलीये. छोटी, शंभर पानी. सकाळी डब्यातल्या गोळ्या मोजते आणि लिहिते. संध्याकाळी पुन्हा मोजते. दोन कमी निघाल्या की तोंड उतरतं. मला विचारलं, अहो, मी सकाळी डबा उघडला होता का? म्हटलं, मी कामाच्या गडबडीत, मला काय माहीत. मग म्हणाली, माझ्या आईलाही साठीतच असं सुरू झालं होतं, शेवटी ती मला ताई म्हणायची.

वय होतंच माणसाचं. मी तिला धीर दिला. म्हटलं, विसरणं फार नाही, दिवसाला दोनच गोळ्या.

सतराला रक्त दिलं की हा विषय आपोआप मिटेल. गोळ्या कमी व्हायच्या थांबतील आणि तिलाही वाटेल की आपण बऱ्या झालो. म्हणजे शेवट तिच्याच भल्याचा आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.

रक्त दिलं.

उपाशीपोटी यायचं होतं. सकाळी दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे. शेवटचा हात जरा जाडच मारला, तिसरीही घेतली.

लॅबवाल्या बाई चष्मेवाल्या, कामाला चोख. फॉर्म भरताना विचारलं, सध्या कुठल्या गोळ्या, व्हिटॅमिन, टॉनिक? म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. दोनदा विचारायची त्यांची पद्धत मला आवडली नाही.

नळ्या दोन काढल्या. एक कशाला पुरली नसती? बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी दोन्ही सांगितल्यात. एक आजकालचं दाखवते, दुसरी मागचं. दुसरी बाहेरच्या मोठ्या लॅबला जाते, तिला आठ-दहा दिवस लागतात. आणखी काहीतरी सांगत होत्या, पण माझं लक्ष सुईकडे होतं.

आजपासून गोळ्या बंद. फिटनेस सर्टिफिकेट मिळालं की सगळ्यांना चहा. शिट्टीला आधी.

शेरा: ऑडिट पार पडलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १.

पहिला रिपोर्ट आला! कंपाउंडरने हळूच दाखवला. बी-बारा उत्तम. फोलिक ॲसिड तर इतकं, की मशीनला मोजता आलं नाही. आकड्याच्या आधी जास्तचं चिन्ह छापलंय. मशीनच्या वर! सव्वीस वर्षांत कुठल्या ऑडिटला असा शेरा मिळाला नव्हता.

उद्या डॉक्टरांनी बोलावलंय. अर्थात सर्टिफिकेट द्यायलाच. शर्ट इस्त्रीला टाकला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.

डॉक्टरांचं तोंड पडलेलं होतं. रिपोर्ट चांगला आलाय असं मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तेच वाईट झालं.

मग समजावून सांगितलं. फोलिक ॲसिड कमी निघालं असतं तर गोष्ट सोपी होती. तीन-चार महिने गोळ्या, पालेभाज्या, आणि पुन्हा वर. ते कमी निघावं अशी मी आशा करत होतो, असं म्हणाले. पण बी-बारा चांगलं, फोलिक ॲसिड भरपूर, आणि तरीही पेशी मोठ्या, हिमोग्लोबिन खाली. म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे. रक्त जिथे तयार होतं तिथेच असू शकेल. रक्ताच्या स्पेशालिस्टकडे पाठवावं लागेल. हाडात सुई घालून आतली मज्जा काढून तपासतात. कमरेच्या हाडात.

मी विचारलं, किती मोठी सुई? ते म्हणाले, सुईचं सोडा, काय निघतं ते बघायचंय.

तोवर क्रेन बंद. केबिनची किल्ली तिथेच टेबलावर ठेवायला सांगितली. ठेवली. सोमवारी घरातल्या कुणाला तरी घेऊन या म्हणाले.

एका वाक्याचं काम होतं. साहेब, मी गोळ्या घेत होतो. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्याच्यामागे दुसरं यायचं, कुणाच्या घेतल्या. त्याच्यामागे तिसरं, भाजी कुणी खाल्ली. आणि मग बारा तारखेचं. वाक्यांची मालगाडी असते, एक डबा सुटा निघत नाही.

आणि कोण जाणे, खरंच हाडात काही असेल तर? उगाच कबूल करून बसायचो.

२३ नोव्हेंबर, रविवार.

हिला सांगितलं, हाडाची तपासणी आहे, किरकोळ. तिने रंग ओळखला. आतल्या खोलीत जाऊन बसली. थोड्या वेळाने तिची ती वही घेऊन बाहेर आली आणि पानं उलटत राहिली. काय शोधते म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही.

दिवसभर कंबर दुखतेय. अजून सुई टोचलीही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.

आज जे झालं ते माझ्या मनातही नव्हतं.

डॉक्टरांनी हिला सगळं समजावलं. ही हात घट्ट धरून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, डॉक्टर, यांच्या रक्तात ते जास्त निघालं ना, ते माझ्यामुळे असेल. आमच्या सुनेच्या त्याच गोळ्या घरात आहेत, रोज दोन कमी होत होत्या. हल्ली माझं काही खरं नाही. सकाळी यांचा चहा मी करते, डबा मी भरते. मीच कधीतरी चुकून यांना दिल्या असतील. चहात टाकल्या असतील. मला आठवत नाही. पण यांच्या हाडात सुई घालू नका.

डॉक्टर माझ्याकडे वळले. तुम्हाला चहाची चव वेगळी लागली का?

मी म्हटलं, चहा जरा कडू लागायचा.

हे मी म्हटलं. वहीत खरं लिहायचं ठरलंय.

एका परीने पाहिलं तर उत्तम तोड निघाली. सुई टळली. डॉक्टर म्हणाले, दुसरी नळी येऊ दे, तोवर थांबू, गुरुवारी दोघं या. कुणाला दोष नाही, कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. पण मग त्यांनी हिला विचारायला सुरुवात केली. आज वार कुठला? शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात. ही शाळेतल्या परीक्षेसारखी घाबरून उत्तरं देत होती. सगळी बरोबर आली. तरी डॉक्टर म्हणाले, औषधं चुकीची दिली जातायत म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नाही. हिचंही रक्त घेतलं. लॅबवाल्या बाईंनी हिचा हात हातात घेऊन, घाबरू नका ताई, असं म्हटलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

शेरा:

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

हिने आज सूनबाईला सांगितलं, यापुढे गॅस तू बघ. औषधांचा डबाही तिच्या ताब्यात दिला. किल्ल्या दिल्या. सूनबाई नको नको म्हणत होती, तर म्हणाली, तुझ्या पोटात बाळ आहे, माझ्या हातून काही भलतंच व्हायला नको. बाळाला मांडीवर दिलंत तरी शेजारी कुणीतरी बसा.

मग स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बंद आहे का ते चारदा पाहिलं. मी मोजलं.

सूनबाई माझ्यासमोर पाणी ठेवून गेली. जाताना विचारलं, बाबा, तुम्ही कधी डबा उघडत होता का हो? म्हटलं, मला गोळ्यांतलं काय कळतं.

सांगायचं हे ठरलं. योग्य वेळ पाहून.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळी ८. आज सांगणार.

सकाळी ११. ही देवळातल्यासारखी डोळे मिटून बसली होती. अशा वेळी बोलणं बरं नाही.

दुपारी ४. शेजारीण आली होती.

संध्याकाळी ७. ही माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, पुढे मी तुम्हाला ओळखलं नाही तर रागावू नका. म्हटलं, वेडी आहेस का? म्हणाली, तेच तर विचारतेय.

सांगता आलं नाही. उद्या डॉक्टरांसमोर सांगेन. साक्षीदार असलेला बरा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.

डॉक्टरांच्या टेबलावर दोन पाकिटं होती. आधी हिचं उघडलं. बी-बारा छान, फोलिक ॲसिड छान, थायरॉइड छान. पालेभाज्या भरपूर खाता वाटतं, असं म्हणाले. ही हसली नाही. म्हणाली, मग विसरते कशी? डॉक्टर म्हणाले, रक्तात कारण नाही, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. आणि पेन उघडलं. हिने पदर तोंडाला लावला.

मी उभा राहिलो. भाषण तयार केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, चिठ्ठी लिहू नका, गोळ्या मी घेतल्या. रोज दोन, अकरा दिवस, शेवटच्या दिवशी तीन. चहा कडू नव्हता.

डॉक्टरांनी पेनाला टोपण घातलं. दचकले वगैरे नाहीत. दुसरं पाकीट माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, हे सकाळीच आलंय, तुम्ही स्वतःहून बोलता का याची वाट पाहत होतो. लाल पेशी तयार होताना जेवढं फोलिक ॲसिड मिळेल तेवढंच आत घेते आणि पुढे चार महिने तेच घेऊन फिरते. नंतर बाहेर कितीही रंग मारा, आतलं बदलत नाही. तुमच्या रक्तातल्या पाण्यात पूर आलाय आणि पेशी कोरड्या. म्हणजे गोळ्या दोन आठवड्यांच्या आतल्या, आणि त्याआधी कित्येक महिने तुमच्या पोटात हिरवं पान गेलेलं नाही.

म्हणजे ऑडिटर पट्ट्यांकडे बघतच नव्हता. त्याने थेट जुनं रजिस्टर मागवलं होतं.

मग मालगाडी सुटली. बादली, बिस्किटं, नऊ-दहा वर्षं, बारा तारखेचं काळं, चार टन, शिट्टीची उडी. शिट्टीचं ऐकताना डॉक्टर पहिल्यांदा रागावले. माणूस मेला असता, असं म्हणाले.

हिने हे सगळं ऐकलं. पिशवीतून वही काढली. एकेका पानावरून बोट फिरवत गेली, दहा तारीख, अकरा, बारा, थेट सतरापर्यंत. सतरानंतर एकही कमी नाही. वही मिटली. मग एवढंच म्हणाली, म्हणजे मी बरोबर मोजलं होतं.

पुन्हा एकदा म्हणाली. मी बरोबर मोजलं होतं.

बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे जाऊन बसली.

१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.

निकाल: सुई नाही. आजार साधा, फोलिक ॲसिड कमी. रोज एक गोळी, रोज पालेभाजी, चार महिने जमिनीवर. मग पुन्हा रक्त, दोन्ही नळ्या. तारीख सांगणार नाही म्हणाले.

आज हेल्मेट घालून शिट्टीच्या शेजारी उभा राहिलो. वर बदली ऑपरेटर. शिट्टी दहा वाजेपर्यंत माझ्याकडे न बघता हात दाखवत राहिला. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाला, हाताकडे नीट बघ, वरून तसं दिसत नाही. लोड डोक्याच्या उंचीवरून जाताना खाली उभ्या माणसाला काय वाटतं ते मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं. मी दोन पावलं मागे सरकलो.

जेवणाच्या सुट्टीत वरून बादली आली. बदली ऑपरेटरच्या डब्यातला पालक. बदल्यात बिस्किटं मागतोय. शिट्टीने बादली माझ्यापुढे ठेवली. माझ्या डब्यातही पालकच होता. दोन्ही खाल्ले. दातात अडकला. आरसा खालीही नाही.

किल्ल्या हिने परत घेतल्या. गॅसही. दूध एकदाच तापतं. माझ्याशी कामापुरतं बोलते.

सकाळी गोळी घेऊन समोर उभी राहिली. आ करा म्हणाली. केला. जीभ वर करा म्हणाली. केली. मग तिच्या वहीत तारीख घालून खूण केली. मी विचारलं, शेऱ्यात काय लिहिलंस?

म्हणाली, अजून काही नाही. चार महिन्यांनी बघू.